सत्काराची साखर

१३ मे, मंगळवार. शिंदखेडा

पास झालेली मुलगी निकालाच्या दिवशी रडते आणि नापास झालेली हसते, असं का? संध्याकाळपासून विचार करते आहे.

निंबद्याच्या आमच्या अभ्यासवर्गाचा आज दहावीचा निकाल होता. गावात नेटवर्क फक्त मारुतीच्या पारावर मिळतं, म्हणून मी पारावर चढून मोबाईल धरला आणि सगळी पोरं खाली घोळका करून उभी. एकेकाचा नंबर टाकत गेले. किरणचा निकाल उघडला तेव्हा मी ओरडलेच. एक्याऐंशी टक्के! गावात पहिली. मी खाली उडी मारून तिला मिठी मारली, तर तिचं अंग लाकडासारखं. मग ती पाराला टेकून खाली बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

कोकिळा गणितात गेली. तिला कसं सांगावं याची मी मनात तयारी करत होते, तर तीच म्हणाली, "जाऊ द्या ताई, जूनमध्ये परत देऊ. नाही निघालं तर पुढचा मार्च आहे. मला काही घाई नाही." आणि किरणकडे बघून, "तुझी मात्र वाट लागली!"

सगळे हसले. मीही हसले. किरण नाही हसली.

मी तिला म्हटलं, आनंदाचं रडू आहे, येऊ दे. माझा बीएसडब्ल्यूचा निकाल लागला तेव्हा मीही अशीच रडले होते. माझे वडील, बापू, केळीच्या गाड्या भरून आले होते, हात चिकाने काळे झालेले. निकाल ऐकून त्यांनी ते हात आधी राखेने घासले आणि मगच माझ्या डोक्यावर ठेवले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेज आतून पाहिलं नव्हतं. किरणच्या घरात तिच्याआधी कुणी दहावी पाहिली नाही. तिचे वडील अभिमनभाऊ दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवतात.

आमच्या संस्थेचे योगेंद्र सर धुळ्याच्या ऑफिसात नेहमी सांगतात, मजुरांची पोरं शाळेतून गळतात ती परीक्षेत नाही, निकालानंतर गळतात. शाळा सुटलेली, कॉलेज लागलेलं नाही, त्या मधल्या दिवसांत त्यांना कुणी विचारत नाही. मला नेमलंय ते त्या दिवसांसाठी. अकरावीचा अर्ज, आयटीआय, पुरवणी परीक्षा, घरच्यांची समजूत. या वेळी एकालाही हातातून सुटू द्यायचं नाही.

१५ मे, गुरुवार

आज फार छान झालं. वर्ग संपवून कुलूप लावत होते तर अभिमनभाऊ आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"ताई, तुम्हनामुळे पोर पास व्हयनी," म्हणाले. "तिचा सत्कार करायचा."

मी म्हटलं, भाऊ, माझ्या मनात तेच आहे, पण सगळ्यांचा करू, नापास झालेल्यांचाही. त्यांना हिंमत द्यायला.

"बठ्ठासना करा. पण किरणचा जरा मोठा करू. पारोळ्याचे आमचे पाहुणे येतील. साडी, नारळ तेच आणतील, पाहुणीबाई ओटी भरतील. जेवणाचं माझ्याकडे. मारुती मंदिराचे चुडामण आबा सभामंडप द्यायला तयार शेतस. रविवारी करू."

एका बापाला मुलीच्या दहावीसाठी गावजेवण घालावंसं वाटतं! जानेवारीच्या पालकसभेत हेच अभिमनभाऊ पाठीमागे भिंतीला टेकून मुकाट बसले होते. त्या सभेत मी घसा फोडून एकच गोष्ट सांगत होते, पोरीला दहावीपर्यंत तरी थांबू द्या. तेव्हा कुणी मान वर केली नव्हती.

जाताना ते म्हणाले, "माईक तुम्हीच धरा ताई. तुम्ही बोलल्या म्हणजे मग गावात कोणी काही बोलत नाही."

पायी फाट्यापर्यंत आले ती जणू हवेतून. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तालाही ग्रामसेवक आणि पोलीसपाटील मंडपामंडपात फिरले, आणि निंबद्यात कमी वयाचं एकही लग्न लागलं नाही. गाव बदलतं. हळू बदलतं, पण बदलतं.

१८ मे, रविवार

थकले आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सभामंडप भरून गेला होता. बायका इतक्या मी गावात एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. मी माईकवर. मुलांना टोपी, टॉवेल, नारळ. कोकिळाचं नाव घेतलं तेव्हा ती नापास असूनही वऱ्हाडात मिरवावं तशी मिरवत आली आणि माईक ओढून म्हणाली, "माझा सत्कार पुढच्या वर्षी पण ठेवा!" मंडप हसून हसून लोळला.

ग्रामसेवक भाऊसाहेब आले होते, त्यांनाही टोपी-टॉवेल दिला.

शेवटी किरण. मी जाहीर केलं, "आता आपल्या गावाचा अभिमान, कुमारी किरण हिचा सत्कार पारोळ्याहून आलेल्या कुंदाबाई करतील." कुंदाबाई भारदस्त बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. किरणला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, हिरवी साडी दिली, नारळ घालून ओटी भरली, आणि तोंडात साखर घातली. पेढ्यांचा पुडा मीच आणून शेजारी ठेवला होता, पण त्यांनी पिशवीतून साखरेचा पुडा काढला. जुन्या लोकांची रीत वेगळी, गोड वाटलं ते बघून. बायकांनी गाणं म्हटलं. एका म्हातारीने डोळे पुसले.

मग अभिमनभाऊ आणि कुंदाबाईंचे यजमान हिलालभाऊ यांनी एकमेकांना टोपी घातली आणि गळाभेट घेतली. मुलगी शिकली म्हणून दोन पुरुष असे भेटतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्यांच्याबरोबर एक तरुण होता, नवा शर्ट, केस चापून बसवलेले, पहिल्या रांगेत. कोण म्हणून विचारलं तर चुडामण आबा म्हणाले, "पाहुण्यातलाच शे." बिचारा एकटाच अवघडून बसला होता. फोटोच्या वेळी मीच त्याला हाक मारली, दादा, तुम्हीही या, इकडे किरणशेजारी उभे राहा. मंडपात बायका खूप हसल्या. तो लाजला.

किरण पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत होती. इतक्या लोकांत घाबरली असणार. मी माईकवरून तिच्याकडे बघून हसले आणि धीर द्यायला मान हलवली. मग तिने खाली बघितलं आणि साखर गिळली.

पूर्ण कार्यक्रमाचं शूटिंग केलंय. सरांना पाठवलं. त्यांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.

२० मे, मंगळवार

अकरावीच्या अर्जाची तयारी करायला सगळ्यांना बोलावलं होतं. किरण आली नाही. तिच्या घरी गेले. तिची आई पुष्पाबाई अंगणात पापड वाळत घालत होती. म्हणाली, "मामाकडे गई ती." कधी येईल विचारलं तर पापड उलटायला लागली. वाळलेले नव्हते, तरी उलटायला लागली.

ओट्याखाली किरणच्या जांभळ्या चपला होत्या, अंगठा तुटून पिन लावलेल्या. नवीन घेतल्या असतील.

एक्याऐंशी टक्क्यांची मुलगी अर्जाच्या दिवसांत मामाकडे जाते, याचा थोडा रागच आला. सुट्टी सगळ्यांना हवी असते, पण वेळ कळायला हवी.

२१ मे, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

कोकिळाचा पुरवणीचा अर्ज भरून झाला. ती एकटीच होती. मी सहज म्हटलं, किरणला निरोप दे, मामाकडून लवकर ये म्हणावं. कोकिळा माझ्याकडे बघतच राहिली.

"ताई, मामाकडे कुठे? घरात शे ती. रविवारी हळद लागेल ना."

"कुणाला हळद?"

"किरणला! त्या पारोळ्याच्या पोऱ्याशी. तुम्हीच तर फोटो काढला जोडीने."

मी काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते आठवत नाही. तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे.

"ताई, तो साखरपुडा व्हता. बठ्ठा गावले माहीत व्हतं." मग तिचा चेहराच बदलला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. सगळ्या मंडपात एकटीला मला माहीत नव्हतं. ज्या म्हातारीने डोळे पुसले तिला माहीत होतं. तो पाट, ती हिरवी साडी, ती साखर. पेढे का नकोत ते. बायका का हसल्या ते. मी नशिराबादच्या गल्लीत वाढले, चुलत बहिणींचे, शेजारणींचे साखरपुडे पाहिले. नवरीच्या तोंडात सासू साखर घालते हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? पण मी सत्कार म्हणून बोर्ड लिहिला होता, म्हणून मला सत्कार दिसला.

"आखाजीला ते साहेब फिरले ना," कोकिळा सांगत होती, "म्हणून मग असं ठरवलं. सत्कार म्हटलं की कोण अडवतं? आणि माईकवर तुम्ही."

मी विचारलं, म्हणून तू निकालाच्या दिवशी हसलीस?

"खोटं नाही सांगत ताई, गणित मला येतच नव्हतं. पण नापास झाली आणि बरं वाटलं. माझ्यासाठी पण आलं होतं एक स्थळ. त्यांना दहावी पास पाहिजे. आता बसा म्हणा वाट बघत." ती हसली आणि मग माझ्याकडे बघून थांबली. "रडू नका ना ताई."

किरण सोळा वर्षांची आहे.

त्याच दिवशी, नंतर

ग्रामसेवकांकडे गेले. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी त्यांचीच. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मी पण होतो ना तिथे. सत्कारच होता. मला पण टोपी दिली तुम्ही."

ती टोपी त्यांच्या मागे खुंटीला होती.

त्यांना खरंच कळलं नव्हतं, की कळलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. माझ्या तोंडावरून तरी कुणाला कुठे ओळखता येणार आहे?

२२ मे, गुरुवार

अभिमनभाऊ डिझेल भरायला पंपापाशी थांबले होते. मी सरळ गेले. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवून गेले होते, तो चढलाच. भाऊ, तुम्ही मला फसवलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. ते गोंधळले. खरोखर गोंधळले.

"फसवलं? ताई, तुम्ही काय सांगितलं होतं जानेवारीत? दहावीपर्यंत तरी थांबा. मी थांबलो ना? त्याच्या आधीपासून थांबलो. आठवीत असताना स्थळ आलं, परत पाठवलं. नववीत आलं, परत पाठवलं. भावकीत हसले मला, मास्तरीण करशील का म्हणे पोरीले. मन्ही बहीण सातवीत असताना गई सासरी. तुम्हना शब्द मी मोडा नही. आते तुम्हीच मोडी राह्यनात?"

मी तसंच म्हणाले होते. अठरा म्हटलं की लोक उठून जातात, म्हणून मीच दहावीवर आले होते. वाटलं, एकदा दहावी झाली की पुढचं पुढे. त्यांच्याही हिशोबात दहावी झाली की पुढचं पुढेच होतं.

"पोरगा चांगला शे," ते हळू आवाजात म्हणाले. "पाणी प्यायचं असेल तर घरी या. पण लग्नाचं बोलू नका." आणि ट्रॅक्टर चालू केला.

मी घरी गेलेच. पुष्पाबाई दारात. मला वाटलं आता हाकलेल. तिने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि कोपऱ्यातला हंडा कमरेवर घेतला.

"मी पाणी भराले जास. तुम्ही बठा."

हंडा भरलेला होता. चालताना पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडत होतं.

किरण आतल्या खोलीत, हातावर हिरव्या बांगड्या. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही निघालं नाही. मी फक्त म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस गं?

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "बापू म्हटले, ताईंना विचारूनच केलंय. मी म्हटलं, ताई हो म्हणणार नाहीत. मग माईकवर तुम्हीच माझं नाव पुकारलं. मी तुमच्याकडेच बघत होती, पूर्ण वेळ. तुम्ही नाही म्हटलं असतं ना, तर मी पाटावरून उठली असती. मी ठरवून ठेवलं होतं." ती बांगड्या मागेपुढे करत होती. "तुम्ही मान हलवली."

माझ्या कानात अजून तेच आहे.

मग मी विचारलं, जे मी निकालाच्या दिवशी विचारायला हवं होतं. तुला काय हवंय?

"सायन्सला जायचंय." मग म्हणाली, "तक्रार करा. पण बापूला तुरुंगात टाकू नका."

मी सांगितलं, माझ्या हातात तेवढं नाही. लग्न लागण्याआधी थांबलं तर बहुतेक वेळा घरच्यांकडून लेखी हमी घेतात आणि सोडतात. बहुतेक वेळा. खोटं वचन देणार नाही. बाहेर पुष्पाबाईच्या हंड्याचा आवाज आला.

"करा," ती म्हणाली. आणि मी मान डोलावली तशी माझा हात धरून म्हणाली, "ताई, या वेळी नुसती मान हलवू नका. बोला."

२३ मे, शुक्रवार

सकाळी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी सांगितलं, उद्या धुळ्याहून पथक येईल, तुम्ही पोलीस ठाण्यात जबाब द्यायला या, असतील ते पुरावे आणा. पुरावा माझ्याच मोबाईलमध्ये आहे. चालू केला की पहिला आवाज माझा, "उपस्थित सर्व मान्यवरांचं मी स्वागत करते."

योगेंद्र सर दुपारी शिंदखेड्याला आले. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. टाळ्यांचं चित्र पाठवलेला माणूस तो पाहताना घामाघूम झाला.

"हर्षाली, तक्रार कर. मी नाही म्हणत नाही. पण हा व्हिडिओ देऊ नकोस. संस्थेचा बोर्ड आहे मागे. साखरपुडा आम्हीच लावला असं होईल. सगळ्या गावांतले वर्ग बंद पडतील. आणि तुझ्यावरसुद्धा येईल, आयोजक म्हणून. तू एवढंच सांग, आम्ही सत्कार केला, बाकी ऐकीव माहिती."

सर वाईट नाहीत. बाकीच्या गावांतल्या पोरांची यादी मलाही तोंडपाठ आहे. मी म्हटलं, पण सर, व्हिडिओ नसेल तर नुसता सत्कारच उरतो, आणि सत्काराला कोण अडवतं?

आईला फोन केला. ती घाबरली. "तुझं नाव पेपरात येईल? मग तुझं कसं जुळायचं?" फोन बापूंनी घेतला. मी त्यांनाही सगळं सांगितलं, मान हलवल्याचंसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोळा वर्षांची ना ती? तुझी आई पंधराची व्हती." एवढंच. आणि फोन ठेवला. त्याचा अर्थ जा असा होता की नको जाऊस असा, हे मला कळलेलं नाही. आईने तिथेच बसून ते ऐकलं असेल.

२४ मे, शनिवार

झालं.

पोलीस ठाण्यात पंखा होता, पण फिरत नव्हता. समोर साहेब, बाजूला पथकातल्या मॅडम. मागच्या बाकावर ग्रामसेवक, चुडामण आबा, योगेंद्र सर. दाराशी अभिमनभाऊ उभे, टोपी हातात, त्या गुरुवारी माझ्याकडे आले होते तशीच. पुष्पाबाई त्यांच्या मागे. किरणला मॅडमनी आतल्या खोलीत बसवलं होतं. दार अर्धं उघडं. तिथून तिला मी दिसत होते.

साहेबांनी आधी बाकीच्यांना विचारून घेतलं होतं. कागदावर सत्कार असंच उतरलेलं असणार. ते थकलेले होते. पेन टेकवून मला म्हणाले, "म्हणजे मॅडम, अठरा तारखेला निंबद्यात दहावीच्या मुलांचा सत्कार समारंभ होता. बरोबर?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. चुडामण आबांनी माझ्या वतीने आधीच मान हलवली होती. सरांनी डोळे मिटले. नुसतं हं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अभिमनभाऊ माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता, भरवसा होता. त्यानेच जास्त लागलं.

अर्ध्या दारातून किरण बघत होती. पाटावरून बघत होती तशीच.

मी मान हलवली नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "साखरपुडा होता. मुलगी सोळा वर्षांची आहे. माईकवर मी होते." आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

"आयोजक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"माझं. हर्षाली पुना महाजन, राहणार नशिराबाद."

त्यांनी लिहिलं. मी वाचून सही केली.